लग्नसराई, लेन्स आणि डोळ्यांचे माप

तुळशीचे लग्न लागले की वऱ्हाडात मुहूर्त निघू लागतात. मोर्शी, वरुड, चांदूरबाजार या भागात एकीकडे संत्र्याचा आंबिया तोडणीला आलेला असतो, दुसरीकडे मंडप पडत असतात. या दिवसांत डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास येतो. मुलीची आई खालच्या आवाजात विचारते, “डाक्टर सायेब, पोरीले पाहाले पाहुणे येनार हायेत. चष्म्याच्या ठिकानी लेन्स लावली त जमन का?” प्रश्न साधा आहे आणि तो विचारला जातो ही चांगलीच गोष्ट आहे. काळजी वाटते ती न विचारणाऱ्यांची. ब्युटी पार्लरच्या ‘ब्रायडल पॅकेज’मध्ये मेकअप, हेअरस्टाइल आणि मेंदीच्या जोडीला आता रंगीत लेन्सही आली आहे. मोबाइलवर तपकिरी, करडी, निळी असा रंग निवडायचा, पत्ता टाकायचा, चार दिवसांत डबी घरात. बोटातली अंगठी घेतानाही आपण माप देतो. डोळ्यात घालायच्या वस्तूसाठी मात्र कोणी माप विचारत नाही.

जुलै २०२४ मध्ये दूरचित्रवाणी अभिनेत्री जस्मिन भसीन यांच्याबाबतची बातमी देशभर गाजली. दिल्लीतल्या एका कार्यक्रमासाठी त्यांनी लेन्स लावल्या, डोळे दुखू लागले, तरी कार्यक्रम उरकला. रात्री दिसेनासे झाले तेव्हा डॉक्टरांकडे गेल्या आणि कॉर्नियाला इजा झाल्याचे निदान झाले, असे त्यांनीच सांगितले. ही बातमी आली तेव्हा बरेच जण घाबरले आणि आठवडाभरात विसरलेही. तिकडे बाजार वाढतच राहिला. चष्मे आणि लेन्स विकणारी लेन्सकार्ट ही कंपनी नोव्हेंबर २०२५ मध्ये शेअर बाजारात दाखल झाली. डोळ्यांचा नंबर हा आता किती मोठा व्यवसाय आहे, हे त्यावरून लक्षात यावे. व्यवसाय वाढण्याला हरकत नाही. घरपोच सेवा आणि वाजवी भाव ही ग्राहकाची सोयच आहे. पण लेन्सची विक्री ज्या वेगाने तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली, त्या वेगाने लेन्सची तपासणी पोहोचली नाही. आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

नंबरवाल्यांची संख्या का वाढते आहे?

लांबचे धूसर दिसणे म्हणजे मायनस नंबर. त्याचे प्रमाण जगभर वाढत आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २०५० पर्यंत जगातील जवळपास निम्मी लोकसंख्या मायनस नंबरची असेल, असा अंदाज दिला. दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या २०१५ च्या पाहणीत १३.१ टक्के मुलांना मायनस नंबर आढळला. आपल्या विदर्भातही असे काम झालेले आहे. नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात २००६ ते २००८ या काळात तिशीच्या पुढच्या ४,७११ जणांचे डोळे तपासले गेले. त्यात सुमारे १७ टक्क्यांना मायनस नंबर होता. उतारवयात मोतीबिंदू पिकू लागला तरी मायनस नंबर येतो, त्यामुळे हा आकडा सगळा अभ्यासाचा किंवा मोबाइलचा नव्हे. पण नंबर हा शहरी, शिकलेल्यांचा आजार आहे ही समजूत या आकड्याने खोटी ठरवली.

नंबर असला की पहिला उपाय चष्माच. तो स्वस्त आहे, डोळ्याला स्पर्श करत नाही, तुटला तर दुसरा घेता येतो. सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला आहे. शाळेतल्या गरजू मुलांना राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रमातून चष्मा मोफत मिळतो. मग लेन्स कोणासाठी? ज्याला खेळायचे आहे, ज्याचा नंबर इतका मोठा आहे की जाड काचेतून कडेचे नीट दिसत नाही, ज्याच्या दोन डोळ्यांच्या नंबरात खूप फरक आहे, ज्याला कामात चष्मा अडचणीचा होतो, आणि हो, ज्याला चष्म्याशिवाय छान दिसायचे आहे, त्यालाही. सुंदर दिसावेसे वाटणे हा गुन्हा नाही. फक्त लेन्स आपल्या डोळ्याला मानवते की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

काच, प्लास्टिक आणि हवा

लेन्सचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८८८ मध्ये अडॉल्फ फिक या डॉक्टरने काचेची लेन्स वर्णन केली. ती जड होती, काही तासांपलीकडे सहन होत नसे. आज आपण जी मऊ लेन्स वापरतो तिचे श्रेय चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांना जाते. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरातच, मुलांच्या खेळण्यातल्या जोडकामाच्या सुट्या भागांतून यंत्र तयार करून मऊ लेन्स घडवल्या. १९७१ मध्ये अमेरिकेत मऊ लेन्सला परवानगी मिळाली आणि पुढे ती जगभर गेली. १९९० च्या दशकाअखेर सिलिकॉन हायड्रोजेल हे नवे प्लास्टिक आले.

प्लास्टिक बदलण्याची गरज का पडली, हे समजले की लेन्स निवडण्याचे अर्धे शास्त्र समजले. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. तो स्वच्छ राहावा म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिन्याच ठेवल्या नाहीत. त्यामुळे तो प्राणवायू प्रामुख्याने समोरच्या हवेतून, अश्रूंमधून घेतो. लेन्स घातली की हवा आणि कॉर्निया यांच्यामध्ये आड पडदा येतो. झोपेत पापणी मिटल्यावर मिळणारा प्राणवायू आधीच साधारण एक-तृतीयांशावर येतो. त्यात लेन्स तशीच राहिली तर कॉर्निया गुदमरतो, सुजतो, त्याच्या वरच्या थरावर सूक्ष्म ओरखडे पडतात आणि जंतूंना वाट मिळते. सिलिकॉन हायड्रोजेलमधून प्राणवायू जुन्या मऊ प्लास्टिकपेक्षा कितीतरी अधिक आरपार जातो. म्हणून दिवसात आठ-दहा तास लेन्स वापरणाऱ्याने याच प्रकाराची विचारणा करावी. पण प्लास्टिक चांगले म्हणून रात्री घालून झोपावे, असा त्याचा अर्थ नाही.

चष्म्याचा नंबर म्हणजे लेन्सचा नंबर नव्हे

ऑनलाइन मागवणाऱ्यांची सर्वांत मोठी गफलत इथे होते. चष्म्याची चिठ्ठी पाहून तोच आकडा टाकला जातो. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो, लेन्स डोळ्यावरच बसते. या अंतरामुळे सुमारे ४ नंबरच्या पुढे आकडा बदलावा लागतो. चष्म्याचा मायनस ६ असेल तर लेन्सचा साधारण मायनस ५.५ येतो. प्लस ६ असेल तर लेन्सचा ६.५ येतो. हा हिशेब न करता लेन्स घेतली तर ताण येतो, डोके दुखते आणि ‘लेन्स मला सूट होत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

नंबराशिवाय आणखी दोन मापे लागतात. एक म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई. डबीवर ती ८.४, ८.६ अशा आकड्यात छापलेली असते. दुसरा व्यास, मऊ लेन्समध्ये बहुधा १४ ते १४.५ मिलिमीटर. प्रत्येकाच्या कॉर्नियाची गोलाई वेगळी असते. ती यंत्रावर मोजता येते. लेन्स घट्ट बसली तर ती डोळ्यावर चिकटते, खाली अश्रू खेळत नाहीत, संध्याकाळी काढल्यावर पांढऱ्या भागावर कडा उमटलेली दिसते. सैल बसली तर पापणीसरशी घसरते, टोचते, कधी निसटते.

म्हणून खरी परीक्षा आकड्यांनी संपत नाही. नमुन्याची लेन्स डोळ्यात घालून पंधरा-वीस मिनिटे बसवून ठेवतात आणि मग स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. लेन्स बुबुळाच्या मधोमध बसली पाहिजे, चहूबाजूंनी कॉर्निया झाकला गेला पाहिजे आणि पापणी मिटताच ती किंचित, अर्ध्या मिलिमीटरच्या आत, हलली पाहिजे. याच तपासणीत अश्रूंचा थर किती वेळ टिकतो, पापण्यांच्या कडांना खवले आहेत का, पापणीच्या आत ॲलर्जीचे दाणे आहेत का, हेही दिसते. हे सारे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. मोबाइलच्या पडद्यावर ते होऊ शकत नाही, आणि पार्लरच्या आरशासमोरही नाही.

तपासणी झाली की चिठ्ठी मागून घ्यावी. तीत दोन्ही डोळ्यांचा लेन्सचा नंबर, गोलाई, व्यास, लेन्सचा प्रकार आणि ती किती दिवसांनी टाकायची, हे पाच तपशील लिहिलेले असावेत. ही चिठ्ठी हातात असली तर लेन्स गावात घ्या, अमरावतीत घ्या किंवा ऑनलाइन मागवा, फरक पडत नाही. वर्षातून एकदा मात्र मापे पुन्हा तपासावीत.

कोणाला कोणती?

लेन्सचे प्रकार ऐकून माणूस गोंधळतो. गरजेपासून सुरुवात केली तर गोंधळ राहत नाही.

आठवड्यातून एक-दोन वेळा, लग्नाला किंवा सामन्यापुरतीच लेन्स लागते, त्याने रोज टाकायची लेन्स घ्यावी. सकाळी नवी जोडी उघडायची, रात्री फेकायची. द्रावण नाही, डबी नाही, धुणे नाही. एका लेन्सचा भाव महिन्याच्या लेन्सपेक्षा चढा वाटत नाही, पण रोज वापरली तर वर्षाला ७३० लेन्स लागतात. म्हणून रोज वापरणाऱ्याला ती महाग पडते. महिन्याची लेन्स घेतली तर वर्षाला बारा जोड्या पुरतात, त्यात द्रावणाचा खर्च मिळवावा. वर्षभर चालणारी लेन्स स्वस्त दिसते, मात्र तिच्यावर प्रथिने आणि कचरा साठत जातो. खर्चाचा हिशेब करताना एक धोका लक्षात ठेवावा. महिन्याची लेन्स तीन महिने ओढणारे अनेक आहेत. ज्याला वेळेवर फेकण्याचा जीव होत नाही, त्याने लेन्सपेक्षा चांगला चष्मा घ्यावा, तोच खरा काटकसरीचा.

तिरपा, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर पाऊण किंवा त्याहून अधिक असेल तर टॉरिक लेन्स लागते. ती डोळ्यात ठरावीक दिशेनेच बसावी लागते. ती न घेता साधी लेन्स लावली तर अक्षरांना सावली दिसत राहते. चाळिशी लागलेल्यांसाठी जवळचे आणि लांबचे दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्स असतात. त्यांची सवय व्हायला काही दिवस जातात आणि सगळ्यांनाच त्या रुचत नाहीत, म्हणून नमुना लावून आठवडाभर पाहिल्याशिवाय डबा विकत घेऊ नये.

मुलांचा मायनस नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या खास मऊ लेन्सही आता आहेत. अशा एका रोज टाकायच्या लेन्सला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ८ ते १२ वर्षांच्या वयात सुरू करण्यासाठी परवानगी दिली. पण मूल स्वतः हात धुऊन लेन्स घालू-काढू शकते का आणि आई-वडील रोज लक्ष देऊ शकतात का, हे दोन प्रश्न आधी सुटावे लागतात. फुकटचा उपायही विसरू नये. रोज दोन तास उघड्यावर, उजेडात खेळणाऱ्या मुलांना मायनस नंबर लागण्याचे प्रमाण कमी असते, हे अनेक देशांत दिसून आले आहे.

पोलीस, सैन्य, रेल्वेच्या भरतीची तयारी करणारी मुले आमच्या तालुक्यात खूप आहेत. त्यांच्यासाठी एक स्पष्ट सांगणे आहे. लेन्स नंबर लपवते, घालवत नाही. रेल्वेच्या लोको पायलटसारख्या पदांना चष्मा किंवा लेन्स न लावता ६/६ दृष्टी लागते आणि वैद्यकीय तपासणीत डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात, तिथे लेन्स लगेच दिसते. फॉर्म भरण्याआधी नंबर काढून जाहिरातीतली अट वाचावी.

आपली हवा, आपले काम, आपले पाणी

लेन्सच्या डबीवरची सूचना थंड हवेच्या देशात लिहिलेली असते. आपण मेमध्ये पंचेचाळीस अंशांच्या जवळ जाणाऱ्या पाऱ्यात राहतो. उकाड्यात कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन बसलो की अश्रूंचा थर उडून जातो आणि लेन्स वाळते. मोबाइल-संगणकावर डोळे लावून बसलो की पापण्या लवण्याचे प्रमाण कमी होते, त्याचाही परिणाम तोच. अशांनी झोत बाजूला वळवावा, वापराचे तास कमी करावेत आणि डॉक्टरांनी सांगितले तरच लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब वापरावेत. कोरड्या डोळ्यांना पाण्याचे प्रमाण जास्त असलेली लेन्स बरी, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अशी लेन्स आपला ओलावा टिकवायला डोळ्यातले अश्रू ओढू शकते. कोरडेपणा असलेल्याने हा मुद्दा डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

उन्हाळा लागला की डोळे खाजणारी, चोळून लाल करणारी मुले आपल्याकडे पुष्कळ दिसतात. ही ॲलर्जी आटोक्यात येईपर्यंत त्यांना लेन्स नको. मधुमेह काबूत नसलेल्यांच्या कॉर्नियाची संवेदना मंदावते, लेन्स टोचली तरी कळत नाही. म्हणून त्यांनीही जपून.

शेतीच्या कामाचे तर बोलायलाच नको. सोयाबीन, तुरीची मळणी, कापसाची वेचणी, संत्र्याच्या बागेतली फवारणी, मिरची कांडणे, यांतली धूळ, कूस आणि औषधाचे तुषार लेन्सखाली अडकतात. काडी किंवा धसकट लागून बुबुळावर होणारी बुरशीची जखम शेतकऱ्यांमध्ये नेहमीच दिसते. त्यात लेन्सची भर नको. अशा कामाला साधा गॉगल किंवा चष्मा हाच इमानी सोबती. दुचाकीवर लेन्स घालून जाणाऱ्यानेही हेल्मेटची काच खाली घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी. अनेक गावांत नळ रोज येत नाही, पाणी टाकीत, ड्रममध्ये, माठात साठवले जाते. कित्येक घरी विहीर किंवा बोअरचे पाणी आहे. प्यायला चांगले असलेले पाणीही लेन्सला चालत नाही. नळाच्या, विहिरीच्या, टाकीच्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. पोटात गेला तर तो सहसा त्रास देत नाही, लेन्सखाली अडकून कॉर्नियात शिरला तर महिनोन् महिने उपचार चालतात आणि वेदना असह्य असतात. म्हणून लेन्स पाण्याने धुऊ नये, डबी पाण्याने विसळू नये, थुंकी तर कधीच लावू नये. अंघोळीला, पोहायला, अप्पर वर्धा धरणाच्या काठी मजा करायला किंवा महाशिवरात्रीला सालबर्डीच्या झऱ्यात उतरण्याआधी लेन्स काढून ठेवावी. हात साबणाने धुऊन, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याला कोरडे करून मगच लेन्सला हात लावावा.

धोका किती?

घाबरवण्यापेक्षा आकडे सांगणे बरे. ऑस्ट्रेलियातल्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसा मऊ लेन्स वापरून रात्री काढणाऱ्या १०,००० जणांपैकी वर्षाला सुमारे दोघांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग झाला. रात्री घालून झोपणाऱ्यांमध्ये हाच आकडा सुमारे २० होता, म्हणजे दहापट. दुसरी एक गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. रोज टाकायच्या लेन्समुळे संसर्ग होण्याचे प्रमाण फारसे कमी नव्हते, पण झालेल्या संसर्गात दृष्टी जाण्याची शक्यता कमी होती. लेन्स कोणतीही असो, हात, पाणी आणि झोप यांचे नियम सुटत नाहीत.

द्रावणही निष्पाप नसते. २००६ मध्ये अमेरिका, सिंगापूर, हाँगकाँग येथे फ्युझेरियम या बुरशीच्या संसर्गाची साथ आली. अमेरिकेत १६४ रुग्णांची खात्री झाली, त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्णांवर कॉर्निया बदलण्याची पाळी आली. लेन्सचे एक विशिष्ट द्रावण तेव्हा जगभरातून मागे घेतले गेले. द्रावण जुन्यात नवे मिसळणे, डबी कोरडी न करणे अशा सवयी बुरशीला पोषक ठरतात, हेही त्यातून शिकायला मिळाले. म्हणून रोज डबीतले जुने द्रावण ओतून टाकावे, डबी ताज्या द्रावणाने विसळून उघडी, उपडी वाळवावी आणि तीन महिन्यांनी बदलावी. ‘नो रब’ लिहिलेले असले तरी लेन्स तळहातावर हलकेच चोळून घ्यावी.

डोळे येण्याच्या साथीत वेगळी काळजी लागते. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते आणि आपल्या शेजारचा बुलढाणा जिल्हा रुग्णसंख्येत आघाडीवर होता. डोळा आला की लेन्स बंद. त्या दिवसांत वापरलेली लेन्स आणि डबी फेकून द्यावी आणि डोळा पूर्ण बरा झाल्यावरच नवी जोडी उघडावी.

रंगीत लेन्सचे प्रकरण

नंबर नसलेल्या रंगीत लेन्सकडे लोक लिपस्टिकसारखे पाहतात. अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून अशा शोभेच्या लेन्सलाही वैद्यकीय उपकरण ठरवले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत, ते जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. कागदावर चौकट आहे. पण बांगड्या, टिकल्या आणि नेलपॉलिशच्या शेजारी लेन्सची डबी मांडलेली दिसते, तेव्हा त्या चौकटीला दार-खिडक्या बसायच्या आहेत हे कळते.

रंगीत लेन्सला रंगद्रव्याचा थर असतो. हलक्या मालात तो वरच असतो, खडबडीत असतो, आणि प्राणवायूही कमी जाऊ देतो. त्याहून वाईट म्हणजे एकच जोडी दोन-तीन नवरींना लावणे. मैत्रिणीची साडी नेसता येते, दागिना घालता येतो, लेन्स मात्र दात घासायच्या ब्रशसारखी, ज्याची त्याचीच. पार्लर चालवणाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे की नवरीला लेन्स हवी असेल तर तिने स्वतःची, डॉक्टरांनी मापून दिलेली, रोज टाकायची जोडी आणावी, असे सांगा. लेन्स आधी आणि काजळ-मस्कारा नंतर, उतरवताना लेन्स आधी आणि मेकअप नंतर. आणि ती लग्नाच्या दिवशीच पहिल्यांदा घालू नये. होमाचा धूर, उपरण्याची धूळ, रडणे, जागरण आणि नवी लेन्स एकाच दिवशी नकोत. पंधरा दिवस आधी रोज दोन-तीन तास घालून सवय करावी.

दुखले तर काय?

डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे, अंधूक दिसणे, चिपड येणे, यांतले काहीही झाले तर लेन्स त्याच क्षणी काढावी. काढूनही दुखत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. लेन्सवर वाढणारे काही जंतू इतके आक्रमक असतात की एक-दोन दिवसांत कॉर्नियाला भोक पाडतात. मोर्शीहून अमरावती तासा-दीड तासावर, नागपूर त्याहून दूर. रात्र काढू, सकाळी पाहू, यात हाच वेळ जातो. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत आणा, त्यातून जंतू ओळखायला मदत होते.

मेडिकलमधून ‘लाली जायचे ड्रॉप’ आणून टाकणे सर्वांत घातक. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली ओसरते, पण आत जंतू आणि बुरशी फोफावते. मध, एरंडेल, दूध, गुलाबजल यांतले काहीही नको. जखम भरली तरी तिथे पांढरा डाग राहतो, त्यालाच आपण डोळ्यात फूल पडले म्हणतो. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या आतल्या वयोगटात अंधत्वाचे पहिले कारण कॉर्नियाचे हे फूलच निघाले, ३७.५ टक्के. त्यात लेन्सचा वाटा लहानच, बाकी इजा आणि संसर्गाचा. पण त्या रांगेत एखादा विशीतला धडधाकट डोळा केवळ हौसेपायी उभा राहू नये.

ज्यांना लेन्स हाच उपचार

लेन्सची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा विषय अपुरा राहील. केरॅटोकोनस या आजारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. डोळे सतत चोळणाऱ्या मुलांमध्ये तो अधिक दिसतो. तिरपा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो आणि एक वेळ अशी येते की कोणत्याही चष्म्याने नीट दिसत नाही. तिथे हवा जाऊ देणारी अर्धकठीण लेन्स किंवा मोठी स्क्लेरल लेन्स चमत्कार वाटावा असे काम करते. एकाच डोळ्याला मोठा नंबर असलेली मुले, लहानपणीच मोतीबिंदू काढलेली बाळे, यांनाही लेन्समुळे पाहता येते. त्यांच्यासाठी ती चैन नाही. अशा लेन्स महाग असतात आणि बसवणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत असतात. हौसेची लेन्स कुरिअरने गावोगाव पोहोचते आणि उपचाराची लेन्स मिळवायला रुग्णाला नागपूर-मुंबई गाठावे लागते, हा आजच्या बाजाराचा उलटा न्याय आहे.

तो सुलटा करायला फार मोठ्या गोष्टी लागत नाहीत. उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहेत, नंबर काढणे हे त्यांचे रोजचे काम. त्यांना लेन्स मापण्याचे प्रशिक्षण आणि नमुन्याच्या लेन्सचा संच मिळाला तर तालुक्यातच तपासणी होईल आणि केरॅटोकोनसची मुले वेळेत हेरली जातील. ऑप्टोमेट्री शिकलेल्यांना २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने ओळख दिली आहे, त्याची नोंदणी आणि अंमलबजावणी वेगाने व्हावी. लेन्स विकणाऱ्याने, दुकान असो की ॲप, मापाची चिठ्ठी पाहिल्याशिवाय डबी देऊ नये आणि अन्न व औषध प्रशासनाने शोभेच्या दुकानांतल्या लेन्सकडेही नजर वळवावी. ग्राहकाने एवढेच करावे की तपासणी आधी, खरेदी नंतर, हा क्रम मोडू नये.

त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. लेन्स लावली तर जमेल, आधी मुलीला दाखवायला घेऊन या. सोबत तिचा जुना चष्माही आणा. लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाकडे चालू नंबरचा चष्मा असलाच पाहिजे, कारण डोळा थकला, लाल झाला, की त्या दिवशी चष्म्यावरच राहायचे असते. आणि पाहुणे येतील त्या दिवशी तिने चष्मा लावला तरी काही बिघडत नाही, हे पाहुण्यांनाही कळायला हवे.